प्रमिलाबाईंचं लुगडं

पहिल्याच दिवशी प्रमिलाबाईंनी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, बाजारात वांगी पाहतात तसे, आणि म्हणाल्या, "भांडाले चांगले हायेत हे हात. कातायचं काही मले सांगता येत नाही."

मी वकील. अमरावतीच्या कोर्टात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि माझा आवाज बाररूममधून पार बाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत जातो, असं लोक म्हणतात. म्हणोत. पण बीपी वाढलं. डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि वर सल्ला, मॅडम, काहीतरी शांत छंद लावून घ्या. कुणीतरी सांगितलं की अंबागेटच्या अलीकडे एका जुन्या संस्थेत दुपारी सूतकताईचा वर्ग चालतो, फुकट. गेले.

"काहून आली?" बाईंनी विचारलं.

"डॉक्टर म्हणाले, मन शांत होईल."

"मंग गोळी खाय ना माय. मन शांत कराले यायचं, अन् माहे पेळू खराब करून जायचं. असे लय आले अन् लय गेले."

पेळू म्हणजे पिंजलेल्या कापसाची बोटाएवढी मऊ वळी. ती डाव्या हातात धरायची, उजव्या हातानं चरख्याचं चाक फिरवायचं आणि डावा हात हळूहळू मागे न्यायचा. वळीतून धागा निघत जातो. सांगायला एवढंच. मला वाटलं, साडी नेसता येते, गाडी चालवता येते, साक्षीदाराला घाम फोडता येतो, मग हे काय! चाक फिरवलं. पीळ सरसर वर चढला आणि पेळूची दोरी झाली. दुसरा घेतला, तो तुटला. तिसरा मी असा आवळून धरला, की त्यातून काही बाहेरच येईना.

"अवो, सोड त्याले! तो काय आरोपी हाय का पळून जाले?" बाई ओरडल्या. "मूठ ढिली कर. अजून. अजून ढिली. आता कसं, पडला ना हातातून!"

दोन्ही बाजूंनी बोलणी खायची मला सवय नव्हती. पण उठून गेले नाही. माझ्या आयुष्यात मला कुणी इतकं तोंडावर, इतकं बरोबर बोललं नव्हतं, म्हणून असेल. की नुसती जिद्द. दोन्ही असेल.

माझी पहिली गुंडी झाली तेव्हा बाईंनी ती उजेडात धरली. गुंडी म्हणजे कातलेलं सूत लाकडी फाळक्यावर गुंडाळून काढलेला मोठा वेढा. माझी गुंडी एका जागी सुतळीएवढी जाड, दुसऱ्या जागी केसाएवढी बारीक, मध्ये मध्ये कापसाचे गोळे. बाई म्हणाल्या, "म्हशीले दावं पायजे असन तं चालते." आणि त्यांनी ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवली. प्रत्येकाची पहिली गुंडी तिथं टांगायची, हा त्यांचा रिवाज. नाव लिहायचं नाही. ज्याची त्यानं ओळखायची आणि ज्याची त्यानं लाज धरायची.

प्रमिलाबाई दर्यापूरकडच्या एका शाळेत मास्तरीण होत्या. मराठी शिकवायच्या आणि हस्तव्यवसायाच्या तासाला पोरांना टकळी शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर अमरावतीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. यजमान लवकर गेले, मुलगा अकोल्याला. मला त्यांचं चरित्र सांगायचं नाही, मला ते फारसं माहीतही नाही. विचारलं तर म्हणायच्या, "तुले काय केस दाखल करायची हाय काय?"

बुटक्या, ताठ, रंगानं काळ्या. कपाळ मोकळं, केसांचा सुपारीएवढा अंबाडा. कमरेला ओव्याची डबी. डाव्या हाताच्या बोटांना सारखी राख लावायच्या, घामानं सूत ओलं होऊ नये म्हणून. त्यामुळे त्यांनी चहाचा कप धरला की कपावर राखाडी ठसे उठायचे. कातलेला धागा कानाशी नेऊन टिचकी मारून ऐकायच्या. आवाज पसंत पडला तर काही बोलायच्या नाहीत. त्यांच्याकडून मिळणारी शाबासकी ती एवढीच, गप्प बसणं.

वर्गाची खोली टिनाची. आमच्याकडचा उन्हाळा ज्यानं पाहिलाय त्याला टिनाची खोली म्हणजे काय ते सांगायला नको. आणि बाई पंखा बंद ठेवायच्या! पंख्याच्या वाऱ्यानं धागा हलतो, पेळूतले तंतू उडतात. कूलरचं नाव काढलं तर म्हणायच्या, "दमट हवेत सूत मरते." एप्रिल लागला की वर्गातल्या बाया गळायला लागायच्या. एक होत्या, कॉलेजात शिकवणाऱ्या, त्या एकदा धीर करून म्हणाल्या, "बाई, निदान एक नंबरवर तरी लावा ना हो पंखा. आपण हे सगळं एक प्रकारचं ध्यान म्हणूनच करतो ना?"

बाईंनी चाक थांबवलं. "ध्यान? थे देवळात करा. इथं सूत कातते. सूत ध्यानानं होत नाही, हातानं होते. पंखा पायजे असन तं घरी जा, आराम करा, ध्यान करा."

त्या घरी गेल्या, परत काही आल्या नाहीत. मी म्हटलं, बाई, असं केलं तर कोण टिकेल? म्हणाल्या, "टिकून करते काय, जिले उन्ह सोसत नाही थे?" मे महिन्यात शेवटी आम्ही दोघीच उरायचो, घामानं निथळत, आणि त्यांना त्याचं काही दुःख नव्हतं.

चिडायच्या अशा पुष्कळ गोष्टी होत्या. पण सगळ्यात चीड वातींची. म्हातारी बाई कापूस घेऊन बसलेली दिसली, की लोकांना वाटतं ती वातीच वळते आहे. त्यांच्या गल्लीतल्या एक काकू कार्तिकात हमखास यायच्या. "बाई, एवढा कापूस तुमच्याकडे, थोड्या वाती करून द्या ना देवळाले." बाईंचा चेहरा असा व्हायचा, जशी कुणी त्यांना भीक घातली.

"वाती वळाले दात पडलेल्या म्हाताऱ्या हायेत ना गल्लीत? त्याहिले सांग. कापूस मांडीवर घासला की झाली वात, त्याले काय अक्कल लागते? मी कातते. कातलेलं नेसते मानूस. वात काय, सकाळी लावली, दुपारी राख."

काकू गेल्यावरही त्यांचं बराच वेळ चालू राहायचं. वात, म्हणे वात!

आता संस्थेची पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कातणाऱ्यानं गुंड्या जमा करायच्या आणि त्याबदल्यात संस्थेच्या खादी भांडारातून तयार कापड घ्यायचं. सगळ्यांचं सूत एकत्र विणायला जातं. म्हणजे तुमचं सूत कुणाच्या तरी सदऱ्यात जातं, आणि तुमच्या अंगावर येतं ते भलत्याच कुणाचं. प्रमिलाबाई जन्मभर अशीच भांडारातली लुगडी नेसल्या. आणि नेसल्या त्या कशा? पदर हातात घेऊन, त्यातला एकेक धागा पाहत, ज्या बाईला कधी पाहिलं नाही तिला शिव्या देत.

"हे पाय. हिनं पीळच नाही देल्ला. सारं लक्ष शेजारनीकडं असन."

"अन् हे? हे पाय जाडं, बारीक, जाडं. घरात भांडन झालं असन त्या दिवशी. नवरा दारुडा असन."

प्रत्येक लुगड्यात त्यांच्या ओळखीच्या अशा चार-दोन बाया होत्या. चिखलदऱ्याला आम्ही एकदा सहलीला गेलो होतो, तर तिथं पॉईंटवर उभ्या राहून सगळे दरी पाहताहेत आणि या पदर पाहताहेत. "वकीलबाई, ही बाई आळशी हाय पन हात चांगला होता वो तिचा. कोनी चांगलं शिकवलं असतं तं." दरीकडे एकदा नजर टाकली आणि म्हणाल्या, "हो, खोल हाय."

दुसरी सवय माळांची. संस्थेत कार्यक्रम झाला की पाहुण्यांच्या गळ्यात हार न घालता सुताची गुंडी घालतात, सूतमाळ म्हणून. पाहुणे ती घालून घेतात, फोटो काढतात, आणि दोन मिनिटांत काढून टेबलावर ठेवतात, पाण्याच्या बाटलीशेजारी. भाषणं संपतात, गाड्या निघतात, माळा तिथंच. बाई मग पिशवी घेऊन स्टेजवर चढायच्या आणि एकेक माळ गोळा करायच्या. टेबलावरच्या, खुर्चीच्या पाठीवरच्या, एखादी खाली पडून तिच्यावर कुणाचा बूट उमटलेला. झटकायच्या, घडी घालायच्या. गुंडी अखंड असते ना. आत एकच लांब धागा, शेकडो वेढे घेतलेला. गळ्यातून काढली की पुन्हा जशीच्या तशी, विणायला तयार. त्यांचं म्हणणं, पाहुण्याला मान मिळाला, सुताचं काही गेलं नाही.

एकदा एक मोठे पाहुणे माळ गळ्यात ठेवूनच गाडीकडे निघाले. लक्षात नसेल. बाई गाडीच्या दारात जाऊन उभ्या. "साहेब, घरी नेऊन ठेवत असान तं न्या. नाही तं वापस द्या. रस्त्यात फेकू नोका, आमच्या बायांनी कातलं हाय थे."

साहेबांनी मुकाट्यानं माळ काढून दिली. संस्थेचे चिटणीस विलासभाऊ मागे उभे, त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी खूप हसले तेव्हा. आता हसू येत नाही.

या विलासभाऊंबद्दल सांगायचं तर ते बाईंचेच विद्यार्थी, दर्यापूरच्या शाळेतले. टकळी बाईंनीच शिकवलेली. भेटले की वाकून नमस्कार, त्यात कधी चुकले नाहीत. पांढरा कडक सदरा, कानाला फोन. संस्थेला "नवं रूप" द्यायचं त्यांच्या मनात होतं. म्हणजे काय, तर अंगणात दोन माणूस उंचीचा लोखंडी चरखा उभारायचा, रंगीत दिवे लावायचे, लोकांनी समोर उभं राहून फोटो काढायचे. बाईंनी विचारलं होतं, "फिरते का थो?" विलासभाऊ म्हणाले, "बाई, फिरवायचा कशाले? पाहासाठी हाय." बाई काही बोलल्या नाहीत. आणि हे गप्प बसणं शाबासकीचं नव्हतं.

त्याच सुमारास त्यांचा हात हलायला लागला. आधी डावा, पेळू धरणारा. मला वाटलं, थकवा. त्यांना वाटलं नाही; त्यांना धाग्यावरून आधीच कळलं होतं. मीच त्यांना राजापेठेतल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. कंपवात. डॉक्टर भला माणूस, समजावून सांगत होता, गोळ्या आहेत, व्यायाम आहे, घाबरायचं नाही. बाईंनी एकच विचारलं.

"कवापर्यंत सरळ राहीन हा हात?"

"तसं नक्की नाही सांगता येत, आजी."

"सालभर?"

"प्रयत्न करू."

बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर त्या बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग म्हणाल्या, "वकीलबाई, मले एक लुगडं पायजे. माह्या सुताचं. सारं माह्यं. ज्याच्यात कोनाले शिव्या देता येनार नाहीत असं एक."

जन्मभर त्यांनी कधी काही मागितलेलं मला ठाऊक नाही. दुसऱ्याला मागू दिलं नाही, तर स्वतः काय मागतील!

मग त्यांनी कातलं. काय कातलं! पहाटे गोळी घ्यायच्या, मग हात जरा स्थिर असायचा तेवढा वेळ चरख्यावर. हात हलायला लागला की थांबायच्या, तेवढा धागा मोडून टाकायच्या, लुगड्यात घ्यायच्या नाहीत. वर्गातल्या माझ्यासकट सगळ्यांवर ओरडणं कमी झालं, वेळ नव्हता. पेळू स्वतः पिंजून करायच्या, देशी पऱ्हाटीचा कापूस कुणाकडून तरी मागवून. ते सूत मी हातात घेतलेलं आहे. मी वकील आहे, मला कौतुक करायची सवय नाही, आमच्या धंद्यात कौतुकाला पुरावा लागतो. पण ते सूत बोटांतून सरकवलं की कुठं अडत नव्हतं. एवढंच सांगते.

अंजनगावकडे एक म्हातारा विणकर अजून हातमाग चालवत होता, संस्थेचंच काम करायचा. त्याला फोन केला, तो म्हणाला, पाठवा, दिवाळीआधी लुगडं काढून देतो. संस्थेची गाडी त्याच्याकडे सूत घेऊन जायचीच. बाईंनी गुंड्या धुतलेल्या उशीच्या खोळीत भरल्या, तोंड शिवलं, वर लाल धाग्यानं स्वतःचं नाव काढलं आणि खोळ विलासभाऊंच्या हातात दिली. विलासभाऊंनी ती कपाळाला लावली. माझ्यासमोर. "बाई, काळजीच करू नका. माह्या आईचं काम समजा."

आणि मग त्या लोखंडी चरख्याचं उद्घाटन आलं.

मंडप, लाल गालिचा, साऊंड. सगळं एका इव्हेंटवाल्या कंपनीला दिलेलं. मंत्री येणार म्हणून अंगणात पाय ठेवायला जागा नाही. प्रमिलाबाईंना पहिल्या रांगेत बसवलं, कारण त्यांचा सत्कार होता; हे त्यांना त्या दिवशी सकाळी कळलं. त्या यायला तयार नव्हत्या, मीच त्यांना ओढून नेलं. वाटेत म्हणाल्या, "माह्यं सूत गेलं असन ना अंजनगावले?"

स्टेजवर बोलावलं. मी हात धरून पायऱ्यांपर्यंत नेलं आणि खाली थांबले. मंत्र्यांनी त्यांच्या गळ्यात माळ घातली. सुंदर माळ होती, खोटं कशाला बोलू. आखूड, मापात, खाली जरीचा गोंडा, वर सॅटिनची तिरंगी फीत. तशाच माळा मंत्र्यांच्या, स्टेजवरच्या सगळ्यांच्या गळ्यात. फोटो निघाले. बाईंना माईक दिला, दोन शब्द बोला म्हणाले.

बाईंचा हात माळेवर गेला होता. सवयीनं. बोटांत सूत घेऊन त्या ते सरकवत होत्या, आणि सरकवता सरकवता फितीजवळ थांबल्या. फीत वर केली. धागा ओढला. तो सहज निघून हातात आला. हातभर धागा, दोन्ही टोकं कापलेली. त्यांनी दुसरा ओढला. तोही हातभर.

गुंडी गळ्यात घातली की पोटापर्यंत लोंबते. ती लोंबकळ इव्हेंटवाल्यांना बरी दिसली नव्हती. म्हणून त्यांनी कात्री घेतली, मापात कापली, गोंडा बांधला, फीत लावली. गुंडीला कात्री एकदा लागली की संपलं. त्या एका धाग्याचे शेकडो तुकडे होतात आणि त्यातून चिंधीसुद्धा विणता येत नाही. नंतर कळलं, बाईंची खोळ ऑफिसातल्या कपाटातच पडून होती, गाडी अंजनगावला गेलीच नव्हती, माळांना सूत कमी पडत होतं, आणि बाईंचं सूत सगळ्यात चांगलं दिसत होतं.

माईक चालू होता. "विलास्या," बाई म्हणाल्या, आणि सगळ्या अंगणात ऐकू आलं, "हे कातरीनं कोनं कापलं रे?"

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. बाईंचा हात हलत होता, लोकांना वाटलं गहिवरल्या. निवेदिकेनं माईक हळूच काढून घेतला आणि म्हणाली, "आजींच्या डोळ्यांत आज पाणी आहे."

पाणीबिणी काही नव्हतं. मी खालीच उभी होते, मी पाहिलं.

कार्यक्रमानंतर मी विलासभाऊंना ऑफिसात गाठलं आणि जन्मात कुणावर ओरडले नसेन इतकी ओरडले. ते खरोखर गोंधळले होते, हे त्याहून वाईट. "मॅडम, मी सांगितलं होतं बाईंचं सूत वापरा, बाईंच्याच सत्कारात बाईंचंच सूत, त्याहिले आनंद होईन म्हणून. कापायचं मी नाही सांगितलं. पण आता झालं ना. पाहिजे तेवढं सूत मागवून देतो. मिलच्या सुताची रिळं आणतो, एकदम एकसारखं सूत येतं."

"तुम्हाला टकळी शिकवली ना त्यांनी? गुंडी कापली की काय होतं, तुम्हाला माहीत नव्हतं?"

"ते पाचवीत होतं हो मॅडम," ते म्हणाले.

बाहेर आले तर बाई स्टेजवर होत्या. पिशवी घेऊन माळा गोळा करत होत्या. टेबलावरच्या, खुर्च्यांवरच्या. एक पुष्पगुच्छाला गुंडाळलेली होती, ती सोडवत होत्या. मी वर गेले, म्हटलं, बाई, आता कशाला? त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. फिती सोडून खाली टाकत होत्या आणि सूत पिशवीत भरत होत्या.

मी म्हटलं, मी नोटीस पाठवते. यांना कोर्टात खेचते.

"काय लिहिशीन त्याच्यात?" त्या म्हणाल्या. "म्हातारीचं सूत कापलं?"

एवढी कलमं तोंडपाठ, एकही कामाचं नाही. घरी येऊन मी त्या रात्री नवऱ्याशी उगाच भांडले.

त्या नंतर पुन्हा चरख्यावर बसल्या नाहीत असं नाही. बसल्या. पण हात आता ऐकत नव्हता. महिनाभर झगडून त्यांनी एक गुंडी काढली आणि उजेडात धरली. जाड, बारीक, जाड, मध्ये कापसाचे गोळे. उठल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला, माझ्या त्या पहिल्या गुंडीशेजारी टांगली. मागे होऊन दोन्हींकडे पाहिलं.

"तुही बरी होती," म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, माझा हात आता बसलाय. मी कातते तुमच्यासाठी. अख्ख्या लुगड्याचं सूत देते, तुमच्या देखरेखीखाली." मी मनापासून म्हटलं होतं आणि ते करूनही दाखवलं असतं.

"तुह्यं सूत मले कायले?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचंच तं नेसली जन्मभर." मग थोड्या वेळानं, जरा हलक्या आवाजात, "तू शिकली, बरं झालं. पन थे येगळं."

दिवाळीनंतर मुलगा येऊन त्यांना अकोल्याला घेऊन गेला. एकटं राहणं शक्य नव्हतं, त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वर्गाची टिनाची खोली पाडून तिथं आता पार्किंग आहे. लोखंडी चरखा उभा आहे, संध्याकाळी त्याच्यावर दिवे लागतात, लग्न ठरलेली पोरं-पोरी तिथं येऊन फोटो काढतात.

मागच्या श्रावणात अकोल्याला एका कामाला गेले होते, तर गोरक्षण रोडवर त्यांच्या मुलाच्या फ्लॅटवर जाऊन आले. सुनेनं दार उघडलं. चांगली, हसतमुख मुलगी. "या ना मॅडम. आई आता मस्त रमल्यात. फिजिओथेरपीवाल्यांनी सांगितलं, बोटांना काहीतरी चाळा पाहिजे. आमच्या अपार्टमेंटच्या बायका तर त्यांचं नाव घेतात."

हॉलमध्ये टीव्हीच्या वरच्या कप्प्यात बाईंचा पेटी चरखा बंद करून ठेवलेला, त्यावर प्लास्टिकची फुलं. बाई बाल्कनीजवळ खाली बसल्या होत्या. अंगात फुलाफुलांची मॅक्सी. लुगडं आता आवरत नाही, सून सांगत होती. मी जवळ बसले. त्यांनी माझे हात घेतले, उलटेपालटे केले, घरी रोज कातून बोटांच्या रेषांत बसलेली राख पाहिली आणि सोडले. शाबासकी मिळाली, मला कळलं.

मी त्या मॅक्सीकडे पाहत होते ते त्यांच्या लक्षात आलं. बाही चिमटीत धरून म्हणाल्या, "याच्यात कोनाले शिव्या देऊ? मशीनीले?"

मग त्यांचं काम पुन्हा सुरू झालं. शेजारी ती पिशवी होती, माळा गोळा केलेली. त्यातून हातभर सूत काढायचं, दुमडायचं, मांडीवर ठेवून तळव्यानं वळायचं. हात इतका हलत होता की वळणं आपोआपच होत होतं. समोर ताटलीत वातींचा ढीग लागला होता, पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या. सून कौतुकानं म्हणाली, "देवळात म्हणतात, अशा वाती बाजारात मिळत नाहीत."

बाईंनी ताटलीतून मूठभर वाती उचलल्या, माझ्या पदरात टाकल्या.

"घेऊन जाय, वकीलबाई," त्या म्हणाल्या. "बारीक सूत हाय. जळते चांगलं."